तिसऱ्या माळ्याची खुर्ची

"होल्ड कर" हे कुंदाकाकीचं नेहमीचं वाक्य. तुम्ही कितीही महत्त्वाचं बोलत असा, अगदी घराला आग लागल्याचं सांगत असा, तिच्या मते आधी दुसऱ्या कुणाचं ऐकायचं राहिलं असेल तर ती हाताचा पंजा थेट तुमच्या नाकासमोर धरायची आणि म्हणायची, "होल्ड कर. आधी ह्याचं होऊ दे." मग त्याचं सावकाश व्हायचं आणि तुम्ही आपले तोंड उघडं ठेवून उभे. भयंकर राग यायचा. मी माटुंग्याच्या शाळेत दिवसभर वर्गच्या वर्ग गप्प करणारी बाई, पण पन्नाशी उलटली तरी काकीपुढं मी होल्डवरच.

काकी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉलच्या जमान्यात कानाला हेडफोन लावून मुंबईतले आवाज गावच्या आवाजांना जोडून द्यायचं काम. रिटायर होऊन जमाना झाला तरी ते काम तिच्या अंगातून काही गेलं नाही. फोन उचलला की "हॅलो" नाही, "बोला." आणि ते "बोला" असं असायचं की समोरचा बिचारा चुकून लागलेल्या नंबरवरही स्वतःचं गाव सांगून मोकळा व्हायचा. गॅलरीत कुणी कठड्याला टेकून गप्प बसलेलं दिसलं की काकी जाता जाता थांबायची. "काय गो, लाइनवर आहेस ना?" हो म्हणावंच लागायचं, आणि एकदा हो म्हटलं की पुढचं सगळं सांगितल्याशिवाय सुटका नसायची. मात्र ऐकलेलं कधी इकडचं तिकडं केलं नाही तिनं. तेवढ्या बाबतीत बाई तिजोरी होती.

बाकी गुणांबद्दल न बोललेलं बरं. रमी खेळताना धडधडीत फसवायची, आणि पकडली गेली की "अगो, क्रॉस कनेक्शन झालं" म्हणून पान परत ठेवायची. तिची आंबोळी तव्याला अशी धरून बसायची की पाहुण्याला तवाच वाढायचा बाकी राहायचा. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, त्यातल्या निम्म्या किल्ल्यांची कुलपं कधीच गेलेली. बोलायची एक्स्चेंजमधल्या शुद्ध मराठीत, पण पारा चढला की सावंतवाडी बाहेर यायची.

आमची चाळ लालबागची. तिसऱ्या माळ्यावर आम्ही आणि शेजारीच काकी. मधे चौक, चारी बाजूंनी गॅलऱ्या, लाकडी जिना, आणि प्रत्येक माळ्याच्या टोकाला सामायिक संडास. आता ती रिकामी झाली आहे. तिथं टॉवर होणार म्हणून आम्ही सगळे तात्पुरत्या घरांत पांगलोय आणि काकी लेकीकडे नाशकाला असते. आमच्या ह्या बिल्डिंगला लिफ्ट आहे. माझ्या वडिलांना, आप्पांना घेऊन मी लिफ्टमध्ये शिरते, बटण दाबते, आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसतो. का हसतो ते लिफ्टमधल्या बाकीच्यांना कळत नाही. ते सांगायचं तर आधी काकीच सांगायला हवी.

आमच्या मंडळाचा अध्यक्ष प्रकाश सकपाळ. त्याला प्रकाश म्हणून हाक मारली तर तोसुद्धा मागं वळून बघणार नाही. सगळ्यांचा पक्या. दुसऱ्या माळ्यावर राहायचा. गळ्यात चेन, पायात कायम स्लिपर, आणि कुणाच्याही घरात काही झालं की पहिला हजर. मंडळाची पोरं गणपती आणण्यात एकदम पटाईत. कारखान्यातून एवढी मोठी मूर्ती काढायची, वायरींखालून, फांद्यांखालून, चिंचोळ्या गल्लीतून वळवून मंडपात बसवायची, आणि तिच्या कानाच्या पाळीलाही धक्का लागू द्यायचा नाही. हे काम ही पोरं डोळे मिटून करायची. त्यांचा नियम एकच होता. उचलताना एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी कान उघडे ठेवायचे.

दर वर्षी मंडळ आरोग्य शिबिर घ्यायचं. वजन, बीपी, शुगर, वर एक केळं आणि बिस्किटांचा पुडा. यायची ती नेहमीची ठणठणीत माणसं. बिस्किटं घेऊन जायची. खरे आजारी घरातच. एका मीटिंगमध्ये काकी उठली. "तुम्ही काय द्यायचं ते आधी ठरवता आणि मग घ्यायला माणसं शोधता. विचारलंत का कुणाला, तुला काय हवंय म्हणून?"

"मग काकी, तूच विचार ना," पक्या म्हणाला. त्याला वाटलं, विषय मिटला.

काकीनं विचारलं, आणि पहिल्या फेरीत सपशेल आपटली. चौकात सतरंजी घातली, मंडळाचा माइक घेतला, आणि "आजारपणात तुम्हाला काय अडचण येते?" असं खणखणीत आवाजात विचारलं. सगळी चाळ तिच्याकडं बघत बसली. शेवटी कोपऱ्यातून एक आवाज आला, "चहा आहे का?" सभा संपली. काकी दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

मग तिला तिचंच काम आठवलं असावं. लाइनवर एका वेळी एकच माणूस असतो! तिनं एक स्टूल घेतलं आणि दुपारच्या वेळी, घरात सुना आणि म्हाताऱ्याच असताना, एकेका दारात जाऊन बसायला लागली. शेंगा सोलायला मदत करायची, इकडचं तिकडचं बोलायची, आणि मधेच "बोल" म्हणून गप्प व्हायची. ते तिचं गप्प होणं फार जड जायचं बघा. कुणाला तरी ते भरून काढावंच लागायचं.

त्यातून निघालं ते असं. आमच्या माळ्यावरच्या मालतीआजीला आणि तिच्या जोडीच्या दोघीतिघींना सारखी लघवीला जळजळ व्हायची. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम प्रत्येक वेळी सांगायच्या, पाणी भरपूर प्या. आजी मान डोलवायच्या आणि दुपारनंतर पाण्याला शिवायच्या नाहीत. कारण संडास गॅलरीच्या टोकाला, तिथला बल्ब कायम गेलेला, लादी ओली, आणि उठताना धरायला काही नाही. पडण्यापेक्षा तहान बरी.

काकी मॅडमनाच चाळीत घेऊन आली. साताऱ्याकडच्या, तरुण, गोड मुलगी. गॅलरीत पाटावर बसल्या, सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अहो आजी, मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही एवढ्या चांगल्या बाई," मालतीआजी म्हणाली, "तुमच्यापुढं संडासाचं कसं काढायचं?"

मॅडम इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की शेवटी आजीही लाजत लाजत हसायला लागली. त्या दिवसापासून मॅडम आमच्या झाल्या. पोरांनी बल्ब लावले, भिंतींना दांडे बसवले. प्रत्येक दांडा पक्का आहे का हे काकी स्वतः लोंबकळून बघायची. एक दांडा प्लॅस्टरसकट हातात आला आणि काकी त्या ओल्या लादीवर बसली. "शिरा पडो तुमच्या कामार!" तिनं दिलेली ती सलामी खाली चौकापर्यंत ऐकू गेली.

सगळंच काही जमलं नाही तिला. गच्चीवर तिनं सकाळचा व्यायामाचा वर्ग काढला होता. तो आठवड्यात बंद पडला, कारण खुद्द काकीच उठायची नाही. आणि मंडळानं ॲम्ब्युलन्स घ्यायचं ठरवलं तेव्हाही ती हरली. आजूबाजूच्या मंडळांच्या दारात ॲम्ब्युलन्स उभ्या होत्या, मग आपली नको? काकी एकटी विरोधात. "गाडी खाली उभी राहील. माणूस तिसऱ्या माळ्यावर. मधलं कोण बघणार?" पण गाडी आली. पांढरीशुभ्र, वर दिवा, आत नवं कोरं स्ट्रेचर. नारळ फुटला, फोटो निघाले, पेढे वाटले गेले. काकीनं दोन पेढे घेतले आणि म्हणाली, "आता बघू."

बघायची वेळ आमच्याच घरावर आली.

आमचे आप्पा माझगावच्या गोदीत कारकून होते. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. सेंटर परळला, म्हणजे हाकेच्या अंतरावर. पण हाक मारून काय उपयोग? मधे तीन माळ्यांचा जिना होता आणि आप्पांचे गुडघे कधीच संपले होते. सुरुवातीला माझ्या खांद्याला धरून, पायरीपायरीला बसत उतरायचे. एकदा वळणावर पाय दुमडला आणि कपाळ फुटलं. मग पोरं त्यांना चादरीच्या झोळीत घालून उतरवायला लागली. आप्पा डोळे मिटून घ्यायचे. वर आल्यावर एकदा म्हणाले, "गोदीत जन्मभर माल उतरताना बघितला, बेबी. आता मीच माल झालो."

ॲम्ब्युलन्स आल्यावर पोरं मोठ्या उत्साहानं ते नवं स्ट्रेचर घेऊन वर आली. आप्पांनी ते पाहिलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. "मी येत नाही." पक्यानं समजावलं, मी समजावलं, शेजारपाजाऱ्यांनी समजावलं. आप्पांचं एकच. "पुरे आता. मला नाही जायचं." त्या दिवशीची पाळी चुकली.

दोन दिवसांत चेहरा सुजला. दोन वाक्यं बोलली तरी धाप लागायला लागली. सेंटरवाल्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, सोमवारची पाळी चुकवू नका, पाणी छातीत भरलं तर आमच्या हातात काही राहणार नाही. बदलापूरहून माझा भाऊ आला. त्याच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, त्याच्या जवळही सेंटर आहे, तो आप्पांना न्यायलाच आला होता. आप्पा त्यालाही नाही म्हणाले. "ह्या खिडकीतून उठून तुझ्या खिडकीत बसायचं, आणि तिथं मरायचं? मग इथंच बरं." भाऊ बाहेर गॅलरीत जाऊन रडला. माझं तर डोकंच चालेनासं झालं होतं. शनिवार होता तो.

संध्याकाळी काकी आली. बरोबर तिचं ते स्टूल. मी बोलायला तोंड उघडलं तर पंजा समोर. "होल्ड कर." आप्पांच्या कॉटजवळ स्टूल ठेवून बसली आणि म्हणाली, "भाऊजी, काय हवं ते मी विचारत नाही. काय नको ते सांगा."

आणि गप्प बसली. मला वाटलं, आता काही आप्पा बोलत नाहीत.

"वहिनी," शेवटी आप्पा म्हणाले, "आपल्या चाळीतून चौघांनी आडवं उचलून, पाय पुढं करून कुणाला नेतात?"

काकीनं स्टूल आणखी जवळ ओढलं.

"सगळे दारात येऊन उभे राहतात. पोरं हळू, हळू म्हणतात. बायका पदर तोंडाला लावतात. आठवड्यातून दोनदा, वहिनी! आठवड्यातून दोनदा मी माझी स्वतःची तिरडी उतरताना बघायची?"

गेले तीन दिवस आम्ही सगळे त्यांना औषध, पाणी, किडनी, छाती समजावत होतो आणि हे त्यांच्या मनात असं बसलेलं. काकीनं पदराला डोळे पुसले, आणि दुसऱ्या क्षणी तिच्यातली ऑपरेटर जागी झाली. "बरं. मग कसं जाणार ते सांगा."

"बसून जाईन. ताठ. समोर बघत. अंगावर चादर नको. आणि कुणी कुजबुजायचं नाही."

"झालं तर मग," काकी म्हणाली आणि स्टूल उचलून निघाली.

ती थेट मंडळाच्या ऑफिसात गेली. मी मागोमाग. पक्या अध्यक्षांच्या खुर्चीत बसला होता. सागवानी खुर्ची, भक्कम हात, उंच पाठ, लाल रेक्झिन. मंडळाच्या जुन्या अध्यक्षांपासून चालत आलेली. काकी तिच्याभोवती एक फेरी मारून आली. पाठीवर थापा मारून बघितल्या.

"पक्या, खुर्ची सोड."

"आयला, काकी! काय चुकलं माझं?"

"काही चुकलं नाही. ऊठ आधी."

खुर्ची कशाला हवी हे कळल्यावर मात्र पक्या क्षणभरही बसला नाही. उलट त्याच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. आमचा मखरवाला मधू सुतार, त्याला बोलावणं गेलं. रविवारभर चौकात ठोकाठोकी. मधूनं मागच्या पायांना खाली आणि पाठीला वर लोखंडी मुठी बसवल्या, पुढच्या पायांना आडव्या दांड्या बसवल्या. डॉक्टर मॅडम सुट्टीच्या दिवशी आल्या, म्हणाल्या कमरेला आणि छातीला पट्टा हवाच, आणि पोरांनी पाठ न वाकवता गुडघ्यांत बसून कसं उचलायचं तेही दाखवलं. रिकाम्या खुर्चीत पहिली बसली काकी. मग मालतीआजी हट्टानं बसली. तिला खाली नेऊन वर आणल्यावर काकीनं विचारलं, "कसं वाटलं?" आजी म्हणाली, "छान. पण पोरांना सांग, आंघोळ करून येत जा."

सोमवार उजाडला. रात्रभर मी आप्पांचा श्वास ऐकत पडले होते. ते खुर्चीत बसले, पट्टे लावून घेतले, चष्मा मागितला, टोपी घातली. पुढं दोघं, मागं दोघं, आणि जिन्याच्या तोंडाशी पक्या, आवाज द्यायला. आप्पांनी सांगितलं होतं ना, कुजबुजायचं नाही, म्हणून काकीनं पोरांना बजावलं होतं, मोठ्यानं बोला, बिनधास्त बोला. खुर्ची उचलली गेली. पोरांचे हात सवयीचे, खांदे सवयीचे, आणि तोंडही सवयीचंच की हो! वजन हातात आल्याबरोबर पुढच्यानं जोरात आरोळी ठोकली, "गणपती बाप्पाऽऽ"

लालबागच्या चाळीत हे दोन शब्द कानावर पडले की माणूस विचार करत नाही. चारी बाजूंच्या गॅलऱ्यांतून, दात घासणारे, चहा पिणारे, अंघोळीला निघालेले, सगळे एका सुरात ओरडले, "मोरया!" आणि खालून कुणीतरी, देव त्याचं भलं करो, पुढचंही म्हणून टाकलं, "पुढच्या वर्षीऽऽ"

"लवकर याऽऽ!" अर्धी चाळ म्हणाली. आणि मग आपण काय बोललो ते सगळ्यांच्या लक्षात आलं. पोरं खुर्ची धरून थिजली. पक्यानं जीभ चावली. मला तर वाटलं, संपलं, आता आप्पा खुर्चीतून उतरतील आणि परत कॉटवर जाऊन भिंतीकडं तोंड करतील.

"पुढच्या वर्षी कशाला, मेल्यांनो!" काकी कठड्यावरून एवढ्या जोरात ओरडली की चौकातली कबुतरं उडाली. "विसर्जन चाललंय काय? दुपारी जेवायला घरी येतायत ते!"

आधी खुर्ची हलायला लागली. मी घाबरले. मग बघते तर आप्पा हसत होते. धाप लागत होती, खोकत होते, पट्ट्यात गदागदा हलत होते आणि हसत होते. किती महिन्यांत ते हसणं मी ऐकलं नव्हतं. मग पोरं हसली, गॅलऱ्या हसल्या. मी कठड्याला धरून रडत होते आणि हसतही होते. "चला रे," आप्पा म्हणाले, "मुहूर्त टळेल." आणि माझे वडील ताठ बसून, समोर बघत, दोन्ही बाजूंना मान डोलवत तीन माळे उतरले.

दुपारी त्यांना वर आणलं तेव्हा चाळीनं परत आरोळी ठोकली. ह्या वेळी आगमनाची. भाऊ त्या रात्री एकटाच बदलापूरला गेला. जाताना काकीच्या पाया पडला. काकी म्हणाली, "माझ्या काय पडतोस, पोरांना वडापाव घाल."

त्यानंतर ती खुर्ची कधी ऑफिसात गेली नाही. तिसऱ्या माळ्यावर जिन्याशेजारी भिंतीला लावून असायची. पक्या मीटिंगमध्ये प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायला लागला. पोरांनी पाळ्या लावून घेतल्या. बाळंतीण, मोतीबिंदूवाले, लकव्यातून उठलेले असे बरेच जण त्या खुर्चीतून उतरले आणि चढले. चढले, हे महत्त्वाचं. उतरवलेल्याला परत वर आणल्याशिवाय पोरांनी घरी जायचं नाही, हा काकीचा कायदा. आणि वर आणल्यावर खुर्चीतल्याला विचारायचं, काय चुकलं? मग पोरांनी उभं राहून निमूट ऐकायचं. कुणी म्हणे वळणावर पोटात गोळा येतो, तिथं थांबा. कुणी म्हणे आमच्या डोक्यावरून एकमेकांशी क्रिकेटचं बोलू नका, आमच्याशीही बोला. पोरं सुधारत गेली. शेजारच्या चाळी बघायला आल्या. त्यांना काकी म्हणायची, "खुर्ची बघू नका. आधी तुमच्या माणसांना जाऊन विचारा. तुमच्याकडं वेगळंच काहीतरी निघेल."

आवाज द्यायचं काम तिनं पक्याकडून कधी काढून घेतलं ते कुणालाच कळलं नाही. जिन्याच्या तोंडाशी उभी राहून एक्स्चेंजच्या आवाजात सांगायची, "पुढचे खाली... मागचे वर... वळण... दम घ्या." आणि मधेच खुर्चीतल्या माणसाला, "लाइनवर आहात ना?" तो हो म्हणाला तरच पुढची पायरी.

तीच काकी एके दिवशी संडासातून येताना गॅलरीत पडली. बल्ब चालू होता, दांडा पक्का होता, फक्त पायातल्या नव्या सपाता लेकीनं प्रेमानं आणलेल्या, गुळगुळीत. खुब्याचं हाड मोडलं. पोरं खुर्ची घेऊन धावली तर मॅडम फोनवर ओरडल्या, बसवू नका, आडवंच न्या. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. स्ट्रेचर? काकीला? पाय पुढं करून?

वेदनेनं पांढरीफटक पडलेली काकी म्हणाली, "बघताय काय तोंडाकडं? काढा ते स्ट्रेचर. मी बोलत जाते, म्हणजे सगळ्यांना कळेल जिवंत आहे ती."

आणि खरंच, बाई तीन माळे बोलत गेली. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत. मालतीआजीला सांगितलं, पाणी पी. पक्याला सांगितलं, पोट आत घे. मला सांगितलं, दूध उतू जाईल, गॅस बंद कर. एका दारात कुणी पदर तोंडाला लावलेला दिसला तिला, तर म्हणाली, "ए, पदर खाली घे, रमीचे पैसे बाकी आहेत तुझे माझ्याकडं, बुडवायला नाही चालले." ॲम्ब्युलन्सचं दार लागेपर्यंत तिचा आवाज येत होता. दार लागलं आणि चाळ एकदम ओस वाटायला लागली.

ऑपरेशन झालं, पण नंतर ताप आला, मग छातीत कफ. लेक नाशकाहून येऊन दवाखान्यातच राहिली. रोज बातमी वेगळी. आप्पा रोज संध्याकाळी मला विचारायचे, "वहिनी काय म्हणतायत?" आणि मी बरं असं काही सांगितलं की तेवढ्यापुरतं त्यांना जेवण जायचं. मंडळात आरती झाली तरी पोरांच्या आवाजात दम नसायचा.

शेवटी एकदाचं तिला सोडलं. आता खुर्चीत बसायला हरकत नव्हती. सगळी चाळ सकाळपासून गॅलऱ्यांत उभी. गाडी आली, काकीला खुर्चीत बसवलं. अर्धी झाली होती हो. लाल रेक्झिनमध्ये कुठंतरी एका बाजूला एवढीशी काकी. पोरांनी खुर्ची उचलली आणि मग घोटाळा लक्षात आला. आवाज कोण देणार? पक्यानं तोंड उघडलं, पण चढताना पुढचे वर की खाली, हेच त्याला आठवेना.

तेवढ्यात वरून आवाज आला. "पुढचे वर... मागचे खाली... सावकाश."

आप्पा होते ते. जिन्याच्या तोंडाशी, काकीच्या स्टुलावर, काठीवर दोन्ही हात ठेवून बसलेले. हेच आप्पा "पुरे आता" म्हणाले होते. गोदीत माल मोजून घेतानाचा आवाज इतक्या वर्षांनी बाहेर काढला होता त्यांनी.

पोरं चढायला लागली. पहिला माळा. दुसरा माळा. काकी एक शब्द बोलेना. तिला उतरताना ऐकलेल्या आम्हाला ते सहन होईना. मान कलंडलेली, डोळे मिटलेले. पोरांच्या चेहऱ्यावर घाम, आणि कुणी मोरयासुद्धा म्हणेना. शेवटच्या वळणावर आप्पांनी हात वर केला. "दम घ्या." खुर्ची थांबली. सगळी चाळ थांबली.

आप्पा स्टुलावरून पुढं वाकले. "वहिनी," ते म्हणाले, "लाइनवर आहात ना?"

काकी हलली नाही. मी कठडा घट्ट धरला होता.

मग त्या लाल रेक्झिनमधून एक पंजा वर आला. हडकुळा, पण तोच.

"होल्ड करा भाऊजी," काकी डोळे उघडून म्हणाली. "जरा माझी माणसं बघू द्या."

आप्पांनी होल्ड केलं. खुर्ची हातांवर तोलून पोरंही उभी राहिली.